त्यांना की त्यांनी? आपल्या प्रदेशाच्या चांगल्या गोष्टी जगाला सांगायला निघालेल्या तरुणांसाठी

2014 साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली. तिचा विळखा प्रामुख्याने तीन देशांना होता: गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन. सहली मात्र केनिया आणि टांझानियातल्याही रद्द झाल्या. नकाशा उघडून बघा. सिएरा लिओनच्या फ्रीटाउनहून केनियातलं नैरोबी जेवढं लांब आहे, त्यापेक्षा पोर्तुगालमधलं लिस्बन कितीतरी जवळ आहे. तरीही भीती पोचली ती नैरोबीला, कारण असंख्य लोकांच्या डोक्यात 54 देशांचा मिळून एकच देश असतो आणि त्याचं नाव ‘आफ्रिका’.

त्याच वर्षी नायजेरियात काय घडलं हे फार कमी जणांना माहीत आहे. लागोससारख्या प्रचंड गर्दीच्या शहरात इबोलाचा रुग्ण विमानाने येऊन पोचला. डॉ. अमेयो स्टेला अडाडेवोह यांनी दबाव येऊनही त्याला रुग्णालयातून बाहेर सोडलं नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांनी संपर्कात आलेल्या सुमारे 900 लोकांचा माग काढला, घरोघरी 18,000 च्या आसपास फेऱ्या मारल्या आणि साथ 20 रुग्णांवर थोपवली. 20 ऑक्टोबर 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त झाल्याचं जाहीर केलं. डॉ. अडाडेवोह यांना मात्र त्या रुग्णाकडूनच लागण झाली होती. ऑगस्टमध्येच त्या गेल्या.

सांगण्याजोगी चांगली गोष्ट मी हिला म्हणतो. ती गोड नाही. तिच्यात मृत्यू आहे. पण तिच्यातली माणसं ठरवतात, करतात, निभावतात. आपल्या प्रदेशाबद्दल बाहेर जे एकसुरी बोललं जातं त्याचा तुम्हाला राग येत असेल, हातात फोन असेल आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. लागणारं सामान म्हणजे फोन, एक वही आणि आठवड्यातले दोनतीन तास. महागडा कॅमेरा लागत नाही.

पायरी 1: कोणता समज खोडायचा ते एका ओळीत लिहा

‘गैरसमज दूर करायचे आहेत’ एवढ्यावर काम सुरू होत नाही. लोक नेमकं काय समजतात, ते वहीत लिहा. ‘तिथे सगळे उपाशी असतात.’ ‘तिथे पाऊल ठेवणं धोक्याचं.’ ‘तिथे काही चांगलं झालं तर ते बाहेरच्यांनी केलेलं असतं.’ ‘तिथे काही म्हणजे काही बदलत नाही.’ हे चार वेगळे समज आहेत आणि चौघांना चार वेगळ्या गोष्टी लागतात. नवशिके इथेच चुकतात. उपासमारीच्या समजाला उत्तर म्हणून ते चकचकीत इमारतींचे फोटो टाकतात. उंच इमारत आणि रिकामं पोट एकाच शहरात नांदू शकतात, हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. त्याचं मत तसूभरही हलत नाही.

‘काही बदलत नाही’ हा समज सगळ्यांत चिवट. गॅपमाइंडर या स्वीडिश संस्थेने 2017 मध्ये 14 देशांतल्या सुमारे 12,000 लोकांना विचारलं: गेल्या 20 वर्षांत जगातल्या अतिगरीब लोकांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं, साधारण तेवढंच राहिलं की जवळपास निम्म्यावर आलं? बरोबर उत्तर ‘निम्म्यावर’. ते दिलं फक्त 7 टक्के लोकांनी. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तिघांतल्या एकाचं उत्तर बरोबर आलं असतं. म्हणजे आपल्यापुढचा माणूस अजाण असतो असं नाही. त्याच्या डोक्यात आधीच एक चित्र पक्कं बसलेलं असतं आणि तो त्या चित्राला विचारून उत्तर देतो.

पायरी 2: स्वतःच्या डोळ्यांतलं कुसळ

ही पायरी टाळू नका. नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांनी 2009 सालच्या एका गाजलेल्या भाषणात, अमेरिकेत शिकताना आपल्या खोलीतल्या मैत्रिणीने काय काय गृहीत धरलं होतं ते सांगितलं: यांना चांगलं इंग्रजी कसं येतं, यांना शेगडी वापरता येत नसणार. पण त्याच भाषणात त्यांनी स्वतःचीही एक आठवण सांगितली. त्यांच्या घरी फिडे नावाचा मुलगा कामाला होता. त्याच्या घरचे फार गरीब आहेत, एवढंच त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. एकदा त्या फिडेच्या गावी गेल्या, तेव्हा त्याच्या आईने रंगवलेल्या धाग्यांची एक सुंदर नक्षीदार टोपली दाखवली. फिडेच्या भावाने विणलेली. त्या चकित झाल्या, कारण त्या घरातलं कुणी काही घडवू शकेल हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

तुमच्याही डोक्यात असा एखादा फिडे असणार. शेजारच्या देशाबद्दल, डोंगरातल्या लोकांबद्दल, शहरातल्या झोपडवस्तीबद्दल तुम्ही शेवटच्या दहा कोणत्या गोष्टी पुढे पाठवल्यात ते फोनमध्ये शोधा. दहापैकी आठांत पूर, मोर्चा किंवा भीक असेल, तर आधी तिकडे बघायला शिका.

पायरी 3: गोष्ट शोधायला लांब जाऊ नका

मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: काही बिघडलं की इथे कुणाला हाक मारतात? मोटर जळली, बाळंतीण अडली, कागदपत्रं अडकली, मुलगा शाळेत जायचा थांबला, की लोक कुणाच्या दारात जातात? त्या माणसाकडे गोष्ट असतेच. पुरस्कार मिळालेल्यांच्या यादीपासून सुरुवात करू नका. त्यांच्या गोष्टी सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या असतात.

ब्राझीलमधल्या रिओ शहरात कॉम्प्लेशो दो अलेमांव नावाचा वस्त्यांचा मोठा समूह आहे. तिथल्या रेने सिल्वा या 11 वर्षांच्या मुलाने 2005 साली वस्तीचं वर्तमानपत्र सुरू केलं. त्या वर्तमानपत्राच्या नावाचा अर्थ ‘समुदायांचा आवाज’. आत पहिल्यापासून वस्तीचेच प्रश्न आणि वस्तीतलीच माणसं. नोव्हेंबर 2010 मध्ये पोलीस आणि लष्कर वस्तीत शिरले, मोठ्या माध्यमांचे कॅमेरे बाहेर थांबले, आणि आत काय चाललंय हे रेने आणि त्याचे मित्र ट्विटरवरून मिनिटामिनिटाला सांगत राहिले. देशभरातले हजारो लोक त्यांना वाचू लागले. त्या दिवशी लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला, कारण त्यामागे पाच वर्षांचं बारीकसारीक काम उभं होतं. प्रसिद्धीच्या दिवसासाठी थांबू नका. गटार, शाळा, फुटबॉलचा सामना, यांवर हात बसवा.

पायरी 4: परवानगी

इथे घाई कराल तर पुढचं सगळं वाया जाईल.

‘फोटो काढू का?’ आणि समोरच्याने मान डोलावली, ही परवानगी झाली नाही. त्या माणसाला चार गोष्टी त्याच्या भाषेत सांगा: हे कुठे दिसेल, कोण कोण बघू शकेल, एकदा बाहेर गेलं की पूर्णपणे परत घेता येत नाही, आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात तरी आपले संबंध तसेच राहतील. चौथी गोष्ट मनापासून सांगा. जो माणूस मदतीच्या रांगेत उभा आहे, ज्याची नोकरी तुम्हाला घेऊन आलेल्या साहेबाच्या हातात आहे, तो ‘नाही’ म्हणूच शकत नाही. त्याच्या होकाराला किंमत नसते. त्याला नंतर, एकटं गाठून विचारा.

लिहिणं-वाचणं येत नसेल तर सही घेत बसू नका. तोंडी होकार फोनवर रेकॉर्ड करा, तारखेसकट. लिहून झालं की मजकूर वाचून दाखवा. फोटो दाखवा. ‘यातलं काय काढू?’ असं विचारा. ‘काही काढायचं आहे का?’ या प्रश्नाला भिडस्त माणूस ‘नको, असू दे’ म्हणतो. ‘काय काढू?’ म्हटलं की खरं बोलतो.

मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी हवी आणि मुलाचीही. शाळेचं नाव, चेहरा आणि घराचा परिसर हे तिन्ही एकत्र कधीही देऊ नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा, नाहीतर फोटोच्या फाइलमध्ये जागेचा पत्ता लपून बसतो. छळ, आजार, कायद्याची भानगड यांतून गेलेल्या माणसाचं नाव बदला आणि नाव बदललं आहे हे वाचकाला सांगा.

पायरी 5: बसा आणि ऐका

समजा, तुमच्या ओळखीची एक तरुणी हापसे दुरुस्त करते. पहिल्याच भेटीत ‘तुम्हाला कसं वाटतं?’ असं विचारलंत तर ‘छान वाटतं’ हे उत्तर मिळेल आणि वही बंद करावी लागेल. त्याऐवजी तिच्याबरोबर एका दुरुस्तीला जा. अवजारं उचलायला मदत करा. आणि क्रमाने विचारा: आधी काय बघता? मग काय? हे कुणी शिकवलं? पहिल्यांदा काय चुकलं होतं? सुटे भाग कुठून येतात, पैसे कोण देतं? काय अजून जमत नाही?

मग ती सांगेल, की हापसा बिघडला की ती पहिल्यांदा काहीच उघडत नाही. दांडा धरते आणि मोजते. पाणी यायलाच चाळीस वेळा हापसावं लागलं तर खालची झडप गळते आहे, वर चढलेलं पाणी खाली उतरून जातं. पाणी लगेच आलं पण धार बारीक असली तर दट्ट्याचे वायसर झिजलेत. दोन्हींत काम वेगळं, वेळ वेगळा, खर्च वेगळा. हे ऐकताना तुमच्या लक्षात येईल की ही बाई निदान करते आहे, डॉक्टर करतो तसं. हा तपशील घरी बसून सुचला नसता.

‘काय जमत नाही?’ हा प्रश्न विसरू नका. भीडेपोटी आपण तो गाळतो. पण तिने जर सांगितलं, की सुटे भाग यायला तीन आठवडे लागतात आणि तोवर लोक दुसऱ्या टोकाहून पाणी आणतात, तर गोष्टीला जमीन मिळते. वाचकाला वाटतं, हे खरं आहे.

पायरी 6: लिहिताना ‘ना’ आणि ‘नी’ मोजा

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. तिच्यासाठी मराठीने आपल्याला आयती फूटपट्टी दिली आहे.

‘गावकऱ्यांना पाणी मिळालं.’ ‘गावकऱ्यांनी पाणी आणलं.’ पहिल्या शब्दात एका अक्षराचा फरक. पहिल्या वाक्यात गावकरी हात पसरून उभे आहेत, दुसऱ्यात त्यांच्या हातात कुदळ आहे. विकसनशील प्रदेशांबद्दलचं सरधोपट लिखाण वाचून बघा, ते ‘ना’ने भरलेलं असतं. मुलींना शिक्षण मिळालं, तरुणांना संधी देण्यात आली, महिलांना सक्षम करण्यात आलं. कुणी केलं? वाक्यात माणूसच नाही.

तुमचा मसुदा घ्या आणि पेन्सिलीने सगळे ‘त्यांना’, ‘तिला’, ‘लोकांना’ अधोरेखित करा. मग ‘त्यांनी’, ‘तिने’, ‘लोकांनी’ यांच्याखाली दोन रेघा ओढा. एकेरी रेघा दुहेरींपेक्षा जास्त झाल्या तर पुन्हा लिहायला बसा.

यात खोटेपणा मात्र नको. बाहेरून पैसा किंवा तंत्रज्ञान आलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. रवांडात ऑक्टोबर 2016 पासून ड्रोनने दवाखान्यांपर्यंत रक्त पोचवायला सुरुवात झाली. ड्रोन अमेरिकी कंपनीचे आहेत. ही सेवा देशाच्या आरोग्ययंत्रणेत घ्यायची, हे रवांडाच्या सरकारने ठरवलं आणि रक्त रवांडातल्या रक्तदात्यांनी दिलं. तिन्ही गोष्टी लिहिल्या की चित्र पुरं होतं. पहिलीच लिहिली तर बाहेरचा देवदूत तयार होतो, शेवटच्या दोनच लिहिल्या तर बढाई.

दुसरी फूटपट्टी ‘असूनही’ या शब्दाची. ‘खेड्यातली असूनही हुशार’, ‘गरीब असूनही प्रामाणिक’, ‘झोपडपट्टीत राहत असूनही नीटनेटकं घर’. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण जो समज खोडायला आपण निघालो तोच ‘असूनही’च्या पाठीवर बसून वाक्यात शिरतो. खेड्यातली माणसं हुशार नसतात हे आधी मान्य केल्याशिवाय ते वाक्य उभंच राहत नाही. हा शब्द दिसला की खोडा.

हापशाच्या गोष्टीचा पहिला मसुदा बहुतेक वेळा असा उतरतो:

‘हलाखीच्या परिस्थितीवर मात करत, मुलगी असूनही या जिद्दी तरुणीने पुरुषांचं काम स्वीकारलं. आज तिच्यामुळे अनेक कुटुंबांना शुद्ध पाणी मिळत आहे. तिची कहाणी सर्वांसाठी प्रेरणादायी आहे.’

यात ती कुठे दिसते? आता हे वाचा:

‘तिने दांडा धरला आणि मोजायला लागली. अडतिसाव्या खेपेला पाणी आलं. “खालची झडप,” ती म्हणाली आणि पाना मागितला. एकेक करून पाइप वर काढायला तिला आणि दोन शेजाऱ्यांना दुपार लागली. झडप बदलून झाल्यावर तिने पुन्हा मोजलं. चौथ्या खेपेला पाणी. सुटा भाग तीन आठवडे उशिरा आला होता. पुढच्या वेळेसाठी वस्तीने वर्गणी काढून दोन झडपा आणून ठेवल्या आहेत.’

प्रेरणा हा शब्द कुठेच नाही. वाचणाऱ्याला जे वाटायचं ते त्याचं त्याला वाटू दे. आणि दोन झडपा आणून ठेवल्या या एका वाक्यात, ‘तिथले लोक उद्याचा विचार करत नाहीत’ हा जुना समज नाव न घेता आडवा झाला आहे.

आणखी एक छोटी सवय लावून घ्या: ‘विकसनशील देशांत’, ‘मागास भागात’, ‘आफ्रिकेत’ असं मोघम लिहू नका. देश, जिल्हा, नदी, वस्ती यांचं नाव घ्या. जागतिक बँकेनेही 2016 पासून आपल्या विकास निर्देशांकांच्या संकलनात देशांची ‘विकसित’ आणि ‘विकसनशील’ अशी सरसकट विभागणी सोडून दिली, कारण त्या एका शब्दाखाली फार वेगवेगळे देश कोंबले जात होते. या लेखातही तो शब्द येतो, कारण लोक त्याच शब्दाने शोधतात. तुमच्या गोष्टीत तो येण्याची गरज नाही.

पायरी 7: फोटो

2012 साली पीटर डिकॅम्पो आणि ऑस्टिन मेरिल हे दोन अमेरिकी पत्रकार आयव्हरी कोस्टमध्ये संघर्षानंतरच्या परिस्थितीवर काम करत होते. बातमीसाठी जे फोटो लागत होते त्यांत त्यांना रोज दिसणारं साधं आयुष्य कुठेच येत नव्हतं. मग त्यांनी फोनवर तेच टिपायला सुरुवात केली: लिफ्टमधली माणसं, कामाला निघालेली बाई, वाट बघत उभे असलेले लोक. त्याला नाव दिलं ‘एव्हरीडे आफ्रिका’. पुढे आफ्रिकेतलेच अनेक छायाचित्रकार त्यात आले आणि आशिया, लॅटिन अमेरिका, मध्यपूर्व अशा ठिकाणी त्याच धर्तीची खाती उभी राहिली.

त्यातून घ्यायचं ते एवढंच, की कंटाळवाण्या क्षणाला कमी लेखू नका. बस चुकलेला माणूस जगात कुठेही सारखाच दिसतो.

फोटो काढताना माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर या. वरून काढलेल्या फोटोत माणूस लहान आणि बिचारा दिसतो. मूल असेल तर गुडघ्यावर बसा. हात आणि काम दिसू द्या. एक फोटो जवळून, एक लांबून, म्हणजे आजूबाजूचा रस्ता, विजेचे खांब, दुकानाची पाटी सगळं येईल. कॅप्शनमध्ये चार गोष्टी हव्यात: कोण, काय करत आहे, कुठे, कधी. ‘निरागस हास्य’ ही कॅप्शन नव्हे.

शंका आली तर चित्र उलटं करून बघा. नॉर्वेतल्या विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या एसएआयएच या संस्थेने 2012 साली एक व्हिडिओ केला. त्यात आफ्रिकी तरुण थंडीने गारठलेल्या नॉर्वेच्या लोकांसाठी घर गरम ठेवणारे हीटर गोळा करतात. आफ्रिकेतल्या एखाद्या मुलाने नॉर्वेबद्दल फक्त एवढंच पाहिलं तर त्याला काय वाटेल, हा त्यामागचा प्रश्न होता. तोच प्रश्न स्वतःच्या फोटोला विचारा: माझ्या आईचा असा फोटो कुणी परक्याने असाच, याच ओळीसह लावला असता तर मला चाललं असतं का?

तुलना करायचीच असेल तर ती नीट करा. गॅपमाइंडरच्याच ॲना रोसलिंग रोनलुंड यांनी 2016 मध्ये ‘डॉलर स्ट्रीट’ नावाचा प्रकल्प लोकांपुढे आणला. अनेक देशांतल्या घरांमधल्या चुली, दात घासायचे ब्रश, बिछाने यांचे फोटो त्यात कुटुंबाच्या उत्पन्नाच्या क्रमाने लावले आहेत. बघता बघता ध्यानात येतं, की वेगवेगळ्या खंडांतल्या पण सारख्या मिळकतीच्या दोन घरांत बरंच साम्य असतं. तुम्ही आणि दुसऱ्या देशातला तुमचा मित्र असा जोडीने एखादा प्रयोग सहज करू शकता: दोघांनी एकाच दिवशी आपापलं दप्तर, आपापला जेवणाचा कोपरा, शाळेची वाट टिपायची.

पायरी 8: पडताळणी

थोडक्यात सांगतो. प्रत्येक आकडा दोन ठिकाणी तपासा. ‘पहिली’, ‘एकमेव’, ‘सर्वांत मोठी’ हे शब्द सिद्ध करता येत नसतील तर काढा. तारीख लिहा. चांगल्या गोष्टीतली एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळीही संशयात जातात, आणि संशय घ्यायला लोक टपलेलेच असतात.

पायरी 9: बाहेर सोडणं

आधी गोष्ट ज्यांची आहे त्यांच्या भाषेत टाका, मग इतर भाषांत. उलट केलंत तर आपल्याच माणसांना वाटतं, हे आपल्याबद्दल आहे पण आपल्यासाठी नाही. व्हिडिओला सबटायटल द्या. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही ते लागतात.

एकट्याने टाकलेली गोष्ट वाहून जाते, म्हणून पाचसात जण जमवा आणि एकच हॅशटॅग धरा. जून 2015 मध्ये आफ्रिकेतल्या आणि आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या तरुणांनी ‘माध्यमं कधीच न दाखवणारी आफ्रिका’ अशा अर्थाचा हॅशटॅग चालवला आणि काही दिवसांत हजारो फोटो आले. पण त्यांतले पुष्कळसे किनारे, विमानतळ आणि उंच इमारतींचे होते. लोक थक्क झाले, हे चांगलंच झालं. मला मात्र त्यात माणसं कमी वाटली. पुढच्या वेळी हॅशटॅग धराल तेव्हा प्रत्येक फोटोत काहीतरी करणारा एक तरी माणूस हवा, असा नियम घाला.

पायरी 10: ‘तुम्ही वाईट ते लपवता’

हा आरोप येणारच. तो नेहमी दुष्टपणाने केलेला नसतो, म्हणून चिडू नका.

जुलै 2015 मध्ये अमेरिकी अध्यक्ष केनियाला जाणार होते, तेव्हा सीएनएनने केनियाचा उल्लेख ‘दहशतीचं आगर’ असा केला. केनियातले तरुण ट्विटरवर तुटून पडले, ‘कुणीतरी सीएनएनला सांगा’ अशा अर्थाचा हॅशटॅग धरून. पुढच्या महिन्यात त्या वाहिनीचे एक वरिष्ठ अधिकारी माफी मागायला केनियात आले. पण लक्षात घ्या, त्याच वर्षी एप्रिलमध्ये गारिसातल्या विद्यापीठावर दहशतवादी हल्ला झाला होता आणि 148 जणांचा जीव गेला होता. ‘इथे दहशत नाही’ असं कुणी म्हणूच शकत नव्हतं. एका जखमेवरून सगळ्या देशाची ओळख ठरवू नका, एवढंच म्हणायचं होतं आणि ते खरं होतं.

कोलंबियातलं मेदेयीन 1991 च्या सुमारास खुनांसाठी जगभर कुप्रसिद्ध होतं. तिथल्या कोमुना 13 या डोंगरउतारावरच्या भागात 2011 साली उघड्यावर सरकते जिने बसले, भिंतीभिंतींवर चित्रं आली, आणि तिथलेच तरुण कलाकार पाहुण्यांना गल्ल्यांतून फिरवू लागले. त्यांच्या फेरीत रंग असतात, हिपहॉप असतं. आणि ऑक्टोबर 2002 च्या लष्करी कारवाईची, तेव्हा नाहीशा झालेल्या माणसांचीही गोष्ट असते. ते काहीही झाकत नाहीत. म्हणूनच जिन्यांबद्दल ते जे सांगतात त्यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

तेव्हा उत्तर देताना वाईट ते आधी मान्य करा, मग आपल्या गोष्टीतला एक तपशील पुढे ठेवा. ‘हो, सुटे भाग तीन आठवडे येत नाहीत. म्हणूनच दोन झडपा आणून ठेवल्यात.’ शिवीगाळ करणाऱ्याला उत्तर देऊ नका. आणि गोष्टीतल्या माणसावर कुणी घसरलं तर ती कमेंट लगेच काढा, तो माणूस सांगेल याची वाट बघत बसू नका. त्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून चेहरा दिला आहे.

पायरी 11: परत जा

गोष्ट बाहेर गेल्यावर आठवडाभरात त्या माणसाकडे जा. फोटो छापून न्या, फोनवर दाखवू नका. लोकांनी काय लिहिलं ते वाचून दाखवा. कुणी मदतीचे पैसे पाठवतो म्हणत असेल तर त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका. त्या माणसाला विचारा, तो ठरवेल.

मग वहीत सहा महिन्यांनंतरची तारीख घालून ठेवा. त्या दिवशी पुन्हा हापशावर जा, तिला दांडा धरू द्या आणि पाणी कितव्या खेपेला येतं ते शेजारी उभं राहून मोजा. चौथ्या खेपेला आलं तर तसं लिहा. तिसाव्याला आलं तर तसं लिहा, आणि तिने पाना कुणाकडे मागितला तेही.